थकलेले भाडे, मोडलेले घर आणि निघून गेलेला भाडेकरू

वर्धा शहराची हद्द कागदोपत्री जेथे संपते, त्या रेषेपलीकडची सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे ही एके काळची शेतकऱ्यांची गावे आता घरांच्या अखंड ओळींनी शहराशी एकजीव झाली आहेत. आणि सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, सेवाग्रामची १९६९ साली निघालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, महात्मा गांधींच्याच नावाचे हिंदी विश्वविद्यालय, रेल्वे आणि जिल्ह्याच्या सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने येणाऱ्या विद्यार्थ्यांना, परिचारिकांना आणि बदलीवरच्या नोकरदारांना वरचा मजला किंवा मागच्या दोन खोल्या किरायाने देणे, हा येथील कित्येक निवृत्त शिक्षकांच्या, विधवांच्या आणि अल्पवेतनी कुटुंबांच्या चरितार्थाचा एक प्रमुख आधार होऊन बसला आहे. या घरमालकाची तऱ्हा मोठ्या शहरातील चाळमालकाहून निराळी. घर रिकामे करून घेण्याची विवंचना त्याला क्वचितच असते, कारण घर रिकामे झालेलेच असते. परीक्षा आटोपते, बदलीचा हुकूम येतो, एका संध्याकाळी सामान टेंपोत चढते, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली जाते, आणि मागे उरते ती तीन-चार महिन्यांची थकबाकी, महावितरणचे मालकाच्या नावावरचे न भरलेले बिल, फुटलेले बेसिन आणि भिंतीवरचे ओलीचे डाग. मालकाचा संताप अशा वेळी रास्त असतो. परंतु त्या संतापाच्या भरात या सर्वांची एकच मोघम बेरीज करून ‘पन्नास हजारांनी बुडवले’ असे जो सांगत सुटतो, तो आपल्या वसुलीचा पाया तेथेच खचवून ठेवतो.

कारण थकलेले भाडे आणि घराची झालेली नासधूस या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न प्रकृतीच्या वस्तू आहेत. भाडे हे ऋण आहे: दर ठरलेला, महिने मोजता येणारे, भरल्याची पावती दाखवण्याची जबाबदारी भाडेकरूवर. नुकसानभरपाई मात्र ऋण नव्हे. ती सिद्ध करावी लागते. वस्तू मोडली, ती भाडेकरूच्या वा त्याच्या माणसांच्या हातून अथवा हयगयीने मोडली, ताबा देताना ती धड होती, आणि दुरुस्तीस इतका रास्त खर्च आला, या साखळीची प्रत्येक कडी मालकाला जोडून दाखवावी लागते. पहिला हक्क भक्कम आणि दुसरा नाजूक असल्याने दोन्ही एका गाठोड्यात बांधले म्हणजे दुसऱ्याचा दुबळेपणा पहिल्याला चिकटतो. फुगवलेल्या रंगाच्या बिलावर उलटतपासणीत एकदा हसे झाले, की निर्विवाद अशा भाड्याच्या हिशेबाकडेही न्यायाधीश साशंक दृष्टीने पाहू लागतात.

म्हणून किल्ली हातात पडताच पहिले काम हिशेबाचे, आणि त्याहून आधीचे काम पाहणीचे. भाडेकरू गावात असेल तर त्याला घरात बोलावून त्याच्यासमक्ष खोली खोली पाहावी, विजेच्या मीटरचा आकडा लिहावा, मोडतोडीची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्या आणि ताबा मिळाल्याची तारीख नोंदवून त्याची नक्कल त्यालाही द्यावी. तो निघूनच गेला असेल तर शेजारचे दोन जाणते गृहस्थ बोलावून त्यांच्यापुढे हीच पाहणी करावी. अशा खासगी पंचनाम्याला सरकारी पंचनाम्याची किंमत नसते हे खरे; पण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते पुढे साक्षीला उभे राहू शकतात, हा त्याचा उपयोग. छायाचित्रे व चित्रफीत दुरुस्तीपूर्वीच घ्यावी, फुटलेली वस्तू लगेच भंगारात टाकू नये, आणि मिस्त्रीकडून, प्लंबरकडून कामवार दर लिहून घेऊन पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावे. ‘पेंटरने वीस हजार सांगितले’ हे वाक्य चहाच्या टपरीवर खपते, न्यायालयात खपत नाही.

आता नुकसान कशाला म्हणावे? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूचे कर्तव्य असे सांगितले आहे की घर ज्या स्थितीत मिळाले त्या स्थितीत त्याने ते परत करावे, मात्र रास्त वापराने होणारी झीज आणि अनिवार्य आपत्तीने होणारा बदल यांचा दोष त्याच्याकडे जात नाही. सारा वाद या रास्त झिजेच्या व्याख्येभोवती फिरतो. चार वर्षांत फिकटलेला रंग, दारापाशी घासून गुळगुळीत झालेली फरशी, सैल झालेली नळाची तोटी, दिनदर्शिकेसाठी ठोकलेला खिळा ही झीज. तिचे पैसे मागणे म्हणजे भाडे दोनदा घेणे होय. याउलट फुटलेले बेसिन, जळालेली वायरिंग, उखडलेली कडी, खोलीत विस्तव पेटवून काळवंडलेले छत हे नुकसान. या दोहोंच्या सीमेवरची आमच्या भागातील खरी कुरबूर मात्र कूलरची आहे. वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळतो तेव्हा कूलरशिवाय राहा असे कोणी कोणास सांगू शकत नाही. पण खिडकीत बसवलेल्या त्या पेटीतून तीन महिने पाझरणाऱ्या पाण्याने चौकट कुजते, गिलाव्याला फुगवटा येतो आणि खालच्या मजल्यापर्यंत ओल उतरते. कूलर लावण्यास मालकाची संमती होती, खिडकीखाली पाणी वाहून नेण्याची सोय त्यानेच केलेली नव्हती, आणि ओल दिसत असता तो दोन उन्हाळे गप्प बसला, असे असेल तर हा सारा खर्च भाडेकरूच्या माथी मारणे न्याय्य नाही, असे माझे मत आहे. उलट, ओल दिसताच लेखी सूचना दिली आणि तरीही टाकी गळतच राहिली, तर मालकाची बाजू पुष्कळच सबळ होते. वर सांगितलेल्याच कलमान्वये मालकाला वाजवी वेळी घराची पाहणी करण्याचा आणि दोष दाखवून देण्याचा अधिकार आहे, आणि तो दोष भाडेकरूच्या हयगयीचा असेल तर सूचनेपासून तीन महिन्यांत त्याने तो दुरुस्त करावा असे बंधन आहे. हा अधिकार वर्षातून एकदाही न वापरता शेवटच्या दिवशी आश्चर्य व्यक्त करणारे मालकच अधिक आढळतात. मात्र दस्तऐवज ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर त्यात लिहिलेल्या अटीच प्रमाण मानल्या जातात; म्हणून हे कर्तव्य तेथे शब्दांत लिहिलेले असावे.

नुकसानाचा आकडा काढतानाही विवेक हवा. समजा, रंगकामास पंधरा हजार लागतात, रंगाचे आयुष्य साधारण पाच वर्षे धरले जाते, आणि भाडेकरूने भिंती विद्रूप केल्या तेव्हा त्या रंगाला चार वर्षे झाली होती. तर त्याने मालकाचे जे खरोखर हिरावले ते एका वर्षाचे, म्हणजे तीन हजारांचे. करार अधिनियम, १८७२ चे कलम ७३ प्रत्यक्ष झालेल्या हानीची भरपाई देते, नव्या घराची भेट नव्हे. आणि करारनाम्यात ‘पन्नास हजार दंड’ असे ठळक अक्षरांत लिहून घेतले असले तरी कलम ७४ मुळे ती रक्कम केवळ कमाल मर्यादा ठरते, तिच्या आत जी रास्त तीच भरपाई मिळते. त्याच कायद्याचा आणखी एक संकेत असा की, हानी कमी करण्याचे जे साधन हाताशी होते ते वापरले की नाही हेही पाहिले जाते. वाद चालू आहे म्हणून घर वर्षभर कुलूपबंद ठेवून त्या वर्षाचे भाडे मागण्यात अर्थ नाही.

मग अनामत रकमेचा मेळ घालावा. दरमहा भाडे सहा हजार, तीन महिन्यांची थकबाकी अठरा हजार, विजेचे बिल चोवीसशे, सप्रमाण दुरुस्ती एकतीसशे, एकूण साडेतेवीस हजार. त्यातून अनामत बारा हजार वजा जाता मागणी उरते साडेअकरा हजारांची. अनामत गिळून बसून वर पूर्ण रकमेचा तगादा लावणे हे अप्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय मूर्खपणाचेही आहे. करारनाम्यात तशी मुभा असल्यास अनामत प्रथम दुरुस्ती व वीजबिलाकडे वळती करावी आणि उर्वरित मागणी निखळ भाड्याची ठेवावी. नाजूक हक्क अशा रीतीने हातातल्या पैशांतून भागतो आणि न्यायालयात नेण्यासाठी भक्कम हक्क शिल्लक राहतो.

करारनाम्याविषयी आमच्याकडे एक भ्रम दृढ झाला आहे: अकरा महिन्यांचा करार करून नोटरीचा शिक्का मारला की नोंदणीची गरज नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा, या नोंदणी कायद्यातील नियमातून ही अकरा महिन्यांची युक्ती जन्मली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला असावा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, असे ठरवले, व कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. त्याहून बोचणारी गोष्ट ही की, असा दस्तऐवज नसेल तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने विदर्भात तोवर चालू असलेला १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण हुकूम रद्द केला. त्या हुकुमाखाली भाडेकरूला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागत असे, आणि वर्ध्याच्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात ती परवानगी अजून डोकावते. आता तिची चिंता नको. मात्र १९९९ चा अधिनियम त्याच्या अनुसूचीत दाखवलेल्या क्षेत्रांस लागू होतो, तेव्हा नगरपरिषदेच्या हद्दीतील आणि हद्दीबाहेरच्या घरांना एकच नियम आहे असे गृहीत न धरता आपले घर कोठे मोडते हे वकिलाकडून एकदा पाहून घ्यावे. थकीत भाड्याची मागणी दोन्हीकडे करता येते. फरक पडतो तो कोणत्या कायद्याच्या आधाराने, एवढाच.

विद्यार्थ्यांना घर देणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. प्रथम वर्षाला आलेला मुलगा कित्येकदा सतरा वर्षांचा असतो, आणि अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य होय, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणून अशा वेळी करार पालकाशी करावा. दुसरे, चौघांनी मिळून घर घेतले आणि तिघे पळाले, तर उरलेल्या एकाकडून पूर्ण रक्कम मागण्याचा अधिकार करार अधिनियमाच्या कलम ४३ ने मालकाला दिला आहे, बशर्ते की चौघांच्या सह्या एकाच करारावर असाव्या आणि त्यात निराळे काही ठरलेले नसावे. गावाकडचा कायमचा पत्ता ओळखपत्राच्या नकलेसह घेतलेला नसेल तर वसुलीची नोटीस पाठवायची कोठे, या प्रश्नापाशीच बहुतेक प्रकरणे संपतात.

काय करू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. राहिलेले कपाट, पुस्तके, दुचाकी अडवून ठेवू नये. थकबाकीपोटी दुसऱ्याचे सामान स्वतःच्या हुकमतीने जप्त करण्याचा किंवा विकण्याचा परवाना घरमालकास कोणी दिलेला नाही. त्याची यादी करून ‘अमुक तारखेपर्यंत घेऊन जावे’ असे लेखी कळवावे. भाडेकरूचे छायाचित्र ‘बुडवे’ अशा मथळ्याने व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवू नये, कारण त्यातून अब्रुनुकसानीची उलटी फिर्याद अंगावर येते. आणि पोलीस ठाण्यात जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याचा हट्ट धरू नये. नीतू सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले की भाडे न भरण्याचे दिवाणी परिणाम भोगावे लागतील, पण तेवढ्याने दंड संहितेखालचा गुन्हा होत नाही. आणि घरमालकाने नोंदवलेली फिर्याद तेथे रद्द झाली. मुद्दाम केलेल्या तोडफोडीची गोष्ट निराळी, पण ती खरोखर मुद्दाम केलेली असावी.

यानंतर नोटीस. ती वकिलानेच द्यावी असा नियम नाही. परंतु तिच्यात कराराची तारीख, ताबा सोडल्याची तारीख, महिनावार भाडे, दुरुस्तीची बाबवार यादी, वजा केलेली अनामत, उरलेली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत हे सर्व शांत भाषेत असावे, पावत्यांच्या नकला जोडाव्या आणि ती पोचपावतीसह टपालाने धाडावी. करारात व्याजाचा उल्लेख नसेल तर ‘या तारखेपासून व्याज आकारले जाईल’ हे वाक्य नोटिशीत आवर्जून घालावे, कारण व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीच्या आधारे त्या तारखेपासूनचे व्याज न्यायालय देऊ शकते. उत्तरादाखल ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे सहीनिशी पत्र आले किंवा थोडी रक्कम जमा झाली, तर ते कागद जपून ठेवावे. मुदतीच्या आत मिळालेल्या लेखी कबुलीने वसुलीची मुदत नव्याने सुरू होते. भाडेकरूचे संदेश दूरध्वनीतच असतील तर तो दूरध्वनी विकू नये आणि संदेश पुसू नयेत. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा विद्युत अभिलेखाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ते कायम ठेवले आहे.

नोटिशीने काम न झाल्यास न्यायालयाचे दार ठोठावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दावापूर्व लोकअदालतीत ठेवण्याची तजवीज करावी. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे सामर्थ्य असते आणि तिच्यावर अपील चालत नाही. दहा-वीस हजारांच्या बाबतीत हाच मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, मग चार पैसे सोडावे लागले तरी हरकत नाही.

दावाच करायचा तर तो वर्ध्याच्या दिवाणी न्यायालयात करता येतो; भाडेकरू पाटण्यास गेला म्हणून पाटण्यास जावे लागत नाही, कारण दाव्याचे कारण येथे घडले. ठरीव भाड्याची मागणी लेखी करारावर आधारलेली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो, ज्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत रुजू व्हावे लागते आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. परंतु अनिश्चित स्वरूपाची नुकसानभरपाई त्या दाव्यात बसत नाही, आणि अनामतीतून दुरुस्ती भागवण्याचा वर दिलेला सल्ला येथे उपयोगी पडतो. सर्व थकीत महिने मात्र एकाच दाव्यात घालावे. त्याच संहितेच्या आदेश २ मध्ये दृष्टांत दिला आहे की १९०५, १९०६ आणि १९०७ या तिन्ही वर्षांचे भाडे येणे असता मालकाने केवळ १९०६ चा दावा केला, तर उरलेल्या दोन वर्षांचा दावा त्याला पुढे करता येत नाही.

भाडेकरूने दिलेला धनादेश न वटता परत आला असेल तर घाई करावी: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांची वाट, आणि त्यानंतर एक महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार.

हुकूमनामा हाती आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. रक्कम न भरल्यास हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त द्यावी लागते, आणि तिच्यासाठी बारा वर्षांची मुदत असली तरी प्रश्न असतो तो जप्त करण्याजोगे काही आहे का, हा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. पगारापैकी पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो; म्हणजे पंचवीस हजारांच्या पगारातून दरमहा आठ हजारांपर्यंत जप्ती होऊ शकते. ऋणको परजिल्ह्यात असेल तर हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे बजावणीसाठी वर्ग करून घेता येतो. पक्क्या नोकरीतल्या माणसाविरुद्ध हे सारे सार्थ ठरते. शिक्षण अर्धवट सोडून गावी परतलेल्या, नादार विद्यार्थ्याविरुद्ध ते बहुधा व्यर्थ ठरते, आणि तेथे अनामतीवर समाधान मानणेच बरे.

मुदतीचा हिशेब मात्र कोणीही विसरू नये. परिसीमा अधिनियम, १९६३ प्रमाणे थकीत भाड्याचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि ही तीन वर्षे घर सोडल्याच्या दिवसापासून नव्हे तर प्रत्येक महिन्याच्या भाड्यासाठी स्वतंत्र मोजली जातात. करारभंगाच्या भरपाईलाही तीनच वर्षे. ज्यांची थकबाकी दोन वर्षांपूर्वीची आहे त्यांनी आधी तारखा मांडाव्या आणि मग पुढचे पाऊल ठरवावे. आणि ज्या घरमालकिणी वकिलाच्या खर्चाला भिऊन स्वस्थ बसल्या आहेत त्यांनी वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत करारनामा व पावत्या घेऊन एकदा जाऊन यावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.